शिशाजोगं भांडं

ज्या गावातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यभर पोलाद वितळवलं, त्या गावात मूठभर शिसं वितळवायला भांडं मिळू नये, यावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवणार नाही. मी बोस्नियातल्या या झेनित्सातच जन्मलो आणि झेनित्सातच निवृत्त झालो, तरी माझाही विश्वास बसला नसता. पण गेल्या वसंतात या भांड्यापायी माझी जी शोभा झाली ती आमच्या इमारतीने तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पाहिली आहे. तेव्हा आता लपवण्यात काही अर्थ नाही. निदान मी सांगितली तर तिला थोडं वळण तरी राहील.

भांडं मला हवं होतं ते मेहुण्यासाठी. इद्रिज हा माझ्या बायकोचा, झुमराचा, धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं ते वयाने. आमच्या दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागतात. तो व्लाशिच डोंगरावरून लाकडाचे ओंडके ट्रकने खाली आणतो. मी एकदा त्याच्या शेजारी बसून तो रस्ता पाहिलेला आहे. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा, पाठीमागे अर्धं जंगल साखळ्यांनी बांधलेलं, आणि हा एका हाताने रेडिओवर गाणं शोधतोय. त्या दिवसापासून मी त्याला फार मानतो आणि त्याच्या शेजारी बसत नाही.

तर मार्च सरता सरता हा गृहस्थ साखळ्या आवळायला खाली उतरला. केबिनचं दार उघडं होतं आणि सीटवर झुमराने दिलेला बुरेक होता, खिमा भरून भाजलेली पापुद्र्यांची गुंडाळी, गरम, कागदात बांधलेली. झुमराच्या बुरेकचा वास एरवी आमच्या जिन्यात तीन मजले चढतो. डोंगरावर तर अडवायला भिंतीही नाहीत. नुकतंच हिवाळ्याच्या झोपेतून उठलेलं एक अस्वल आलं, केबिनमध्ये चढलं, आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्याने बुरेक खाल्ला. उभ्याने नाही. बसून. इद्रिज तेवढा वेळ ओंडक्यांच्या ढिगावर पालथा पडून हे पाहत होता. अस्वल गेल्यावर त्याने ट्रक कसाबसा खाली आणला, आमच्या इमारतीमागे गॅरेजेसपाशी लावला, आणि उतरला तो उतरलाच.

भीती वाटते असं तो एकदाही म्हणाला नाही. आधी त्याचा गुडघा दुखत होता. मग पाना हरवला. मग हवा बरी नव्हती. रोज सकाळी तो आमच्याकडे यायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली ट्रककडे पाहायचा, जसं कोणी रुसलेल्या बायकोकडे पाहतं, आणि सोफ्यावर बसून म्हणायचा, "उद्या बघू, दाजी." सगळ्या इमारतीला अस्वलाचं माहीत होतं आणि सगळी इमारत जिन्यात त्याला विचारायची, "काय इद्रिज, गुडघा कसा आहे?" माझ्या शेजाऱ्यांबद्दल पुढे मी बरंच काही बोलणार आहे, म्हणून त्यांचा हा मोठेपणा आधीच नोंदवून ठेवतो.

शेवटी ट्रकच्या मालकाचा निरोप आला. सोमवारी सकाळी ट्रक डोंगरावर दिसला नाही, तर किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकडे. इद्रिजने तो निरोप ऐकला, "बरोबर आहे त्याचं," म्हणाला आणि साखर न घालता कॉफी प्यायला. झुमराने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि एप्रनला हात पुसले.

"तिजाआजीला बोलावते," ती म्हणाली. "याची भीती ओतून काढायला हवी."

तिजाआजी म्हणजे झुमराच्या गावची. झेनित्साच्या वर डोंगरात राहते. कोणी घाबरलं, झोपेत ओरडायला लागलं, की तिच्याकडे नेतात. माणसाला स्टुलावर बसवून वर चादर टाकायची, डोक्यावर पाण्याचं पातेलं धरायचं आणि त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं चर्रकन आळतं. त्याला काटे फुटले तर भीती अजून आत आहे. गुळगुळीत आलं तर गेली. गुळगुळीत येईपर्यंत ओतत राहायचं. या चादरीखाली मास्तर बसून गेलेत, दातांचे डॉक्टर बसून गेलेत, एक न्यायाधीशसुद्धा. मी स्वतः आधुनिक विचारांचा माणूस आहे आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. लहानपणी माझ्यावर दोनदा ओतलं होतं आणि दोन्ही वेळा गुण आला, एवढंच.

तिजाआजी फोनवर ओरडून बोलते, कारण आपण लांब आहोत हे ती विसरत नाही. "शुक्रवारी येते!" ती म्हणाली. "शिसं माझं, पाणी तुमचं, भांडंही तुमचं! माझ्या भांड्याचं बूड गेलं! आणि नीट ऐका. शिसं म्हणजे विष. ज्या भांड्यात ते एकदा वितळलं, त्यात पुन्हा जन्मात काही शिजवायचं नाही, उकळायचं नाही. कायमचं सोडायची तयारी असेल तेच भांडं काढा!"

"अहो, मी काय म्हणते," झुमरा फोन ठेवून माझ्याकडे वळली, "इद्रिजचं ते एक—"

"भांड्याचं माझ्यावर सोड," मी म्हणालो. "हे धातूचं काम आहे."

झुमराने माझ्याकडे असं पाहिलं की त्या पाहण्याचा खुलासा इथेच करायला हवा. आमच्या इमारतीत राहणारा प्रत्येक निवृत्त पुरुष पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाला आहे. कोणी भट्टीवर होता, कोणी ओतशाळेत, कोणी क्रेनवर. मीही त्याच कारखान्यात होतो. कँटीनमध्ये. जेवणाच्या कुपनांचा मुख्य होतो मी, आणि माझ्या कारकिर्दीत एकही माणूस भट्टीवर उपाशी उभा राहिला नाही, ही गोष्ट कोणाला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वरच्या मजल्यावरच्या आंतोने माझ्या निरोपसमारंभात पेला उंच करून म्हटलं होतं, "आमच्या शेफिकने आयुष्यात वितळवलं ते फक्त लोणी!" टाळ्या जोरात पडल्या होत्या. तेव्हा हे शिसं नुसतं मेहुण्याचं नव्हतं. माझंही त्यात थोडं होतं.

सल्ला विचारायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण सरावासाठी टायरवाल्याकडून जुनी शिशाची वजनं आणताना पिशवी जिन्यात फाटली, आणि वजनं आंतोच्या पायांशी गडगडत गेली. आंतो म्हणजे ओतशाळेचा उस्ताद. अजून बोलतो ते भट्टीच्या गोंगाटात बोलल्यासारखं.

"शिसं?" त्याने एक तुकडा उचलून दाताला लावल्यासारखं केलं. "शेफिक, शिसं म्हणजे धातू नव्हे. शिसं म्हणजे सूप. हे काडेपेटीच्या काडीवर वितळतं."

"मग भांडं कोणतंही चालेल?"

"कोणतंही कसं चालेल?" आंतो दुखावला. "ॲल्युमिनियमवर भरवसा ठेवू नकोस. पातळ पत्र्यावर ठेवू नकोस. एनॅमलवर तर अजिबात नको. जाड हवं, लोखंडी हवं, दांडा लांब हवा, आणि ओठ हवा. ओठ नसेल तर तू शिसं ओतणार नाहीस, सांडणार." मग तो जरा थांबला. "पण ओतणार कोण? तू?"

त्या "तू" मुळे पुढचं सगळं घडलं. नुसतं "पण ओतणार कोण" इथे तो थांबला असता, तर मी त्याचा सल्ला ऐकला असता.

मी घरी गेलो आणि एनॅमलचं पातेलं काढलं. पांढरं, कडेने लाल गुलाब, कान जरा मोडलेला. कायमचं सोडायला अगदी योग्य. खिडक्या उघडल्या, झुमराला बाहेर पाठवलं, इद्रिजला सोफ्यावरून बाल्कनीत पाठवलं, आणि ते कोरडं पातेलं वजनांसह शेगडीवर ठेवलं. टायरवाल्याच्या शिशाला टायरवाल्याचं ग्रीस असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी धूर आला. तो काळा, जाड, मोटारीचा वास असलेला धूर उघड्या खिडकीतून बाहेर पडून वरच्या मजल्यांवर वाळत घातलेल्या चादरींत शिरला. आणि मग एनॅमल तडकू लागलं. एकेक गुलाब पातेल्यावरून सुटून स्वयंपाकघरात उडत होता. एक माझ्या चष्म्याच्या काचेवर बसला.

मी शेगडी बंद करतो तोच घंटी वाजली. दारात स्लावित्सा.

स्लावित्सा ही आमच्या इमारतीच्या मंडळाची अध्यक्ष. निवडणूक दर वर्षी होते. उमेदवार ती एकच असते. एका अर्थी तिच्यामुळेच आमचा जिना धुतलेला असतो, दिवे लागतात, आणि हिवाळ्यात दार आपणहून बंद होतं. मी तिचा मनापासून आदर करतो आणि ती दिसली की वाट बदलतो.

"अहो शेफिक," ती चष्म्यावरून म्हणाली, "तुमच्याकडे काय शिजतंय?"

"शिसं," मी म्हणालो. खोटं बोलायला वेळच नव्हता.

"शिसं." तिने तो शब्द तोंडात घोळवला. "नियमांप्रमाणे घरात उकळता येतं, तळता येतं, भाजता येतं, मिरच्या वाळवता येतात. वितळवण्याबद्दल नियमांत काही नाही."

"म्हणजे बंदी नाही?"

"म्हणजे परवानगी नाही. मंडळाची सभा घ्यावी लागेल."

सभा त्याच संध्याकाळी तळमजल्यावर टपालपेट्यांपाशी भरली. विषय एकच होता: शेफिकच्या घरी धातुकाम. आमच्या मंडळाच्या सभेला एरवी स्लावित्सा आणि तिची खुर्ची एवढेच असतात. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. शिसं किती तापवावं, यावर ज्यांनी तीस तीस वर्षं भट्ट्या राखल्या ते लोक एकमेकांच्या अंगावर धावून आले. एक म्हणाला माशांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात वितळव. दुसरा म्हणाला डब्याचं बूड सुटलं तर काय त्याच्या पायाला चटका बसणार? क्रेनवाला म्हणाला भांडं टांगतं हवं. इतका ज्ञानाचा झरा मी कँटीनमध्ये पगाराच्या दिवशीही पाहिला नव्हता. आणि गंमत म्हणजे हे सगळं कशासाठी चाललंय ते कोणी विचारलं नाही. इद्रिज जिन्यात उभा होता; मध्येच कोणीतरी त्याला विचारलं, "गुडघा कसा आहे रे?" आणि सभा पुढे चालू झाली.

"अहो, मी काय म्हणते," झुमरा मागून म्हणाली, "इद्रिजचं ते—"

"वहिनी, एक मिनिट," आंतो म्हणाला. "आधी वितळबिंदूचं ठरू दे."

ठरलं ते असं: घरात मनाई; मागे गॅरेजेसपाशी उघड्यावर करायला हरकत नाही; जवळ वाळूची बादली पाहिजे; आणि भांडं "सुयोग्य" पाहिजे. सुयोग्य म्हणजे काय ते स्लावित्साने सांगितलं नाही. अध्यक्षांचा हाच तर अधिकार असतो.

आता कोणीही शहाणा माणूस लोखंडी, जाड, लांब दांड्याचं, ओठ असलेलं भांडं शोधू लागला असता. मीही शोधलं. आणि मला एकाएकी जाणवलं की लांब दांड्याचं आणि ओठ असलेलं भांडं तर माझ्याकडे भिंतीवरच टांगलेलं आहे. बोस्नियातल्या माणसाला भांडं म्हटलं की शेवटी जेझवाच आठवणार. कॉफीचा जेझवा: खाली रुंद, वर निमुळता, लांब दांडा, बाजूला चोच. माझा तर तांब्याचा होता, जाड, ठोक्याठोक्याने घडवलेला, निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या सहकाऱ्यांनी दिलेला. त्यावर माझं नाव आणि "कृतज्ञतापूर्वक" असं कोरलेलं होतं. त्यात मी कधी कॉफी केली नव्हती, कारण आदराच्या वस्तू वापरायच्या नसतात. पण मेहुण्याच्या पोटाचा प्रश्न होता. मी मनाशी म्हटलं, शेफिक, कायमचं सोडायचं तर असलंच काहीतरी सोडावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहायला कोणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

गुरुवारी दुपारी मी गॅरेजपाशी छोटी गॅसची शेगडी मांडली, वाळूची बादली ठेवली, हातमोजे चढवले आणि सरावासाठी जेझव्यात शिसं घातलं. शिसं जसं होतं तसंच राहिलं. जेझवा मात्र आतून हलायला लागला. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असते, आणि कल्हई म्हणजे कथील, आणि कथील शिशाच्या कितीतरी आधी वितळतं. हे मला कोणी सांगितलं नाही असं मी म्हणणार होतो. पण खरं म्हणजे त्या सभेत जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं. आतली चांदीसारखी कल्हई थेंब थेंब होऊन शिशाभोवती जमली. मी घाईने दांडा धरून भांडं उचललं. दांडा माझ्याबरोबर आला. भांडं शेगडीवरच राहिलं. दांडाही कथलानेच डाकलेला होता, आणि कृतज्ञताही तेवढ्याच उष्णतेपर्यंत टिकणारी होती.

मी दांडा हातात धरून उभा असताना वरच्या बाल्कनीतून आंतोचा आवाज आला. "काय वितळलं?"

"दांडा," मी म्हणालो.

आंतो हसला नाही. त्याने मला चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी तिजाआजी बसने खाली उतरली. हिरवा रुमाल, काळा कोट, हातात पिशवी, पिशवीत शिसं. तिने आल्या आल्या माझ्या गालाचा चिमटा घेतला, कारण मी तिच्या गावचा जावई आहे. "काय जावईबापू, वाळलात! भांडं कुठाय?"

गॅरेजपुढच्या बाकावर भांड्यांची रांग लागलेली होती. कशी कोणास ठाऊक, सकाळपासून एकेक शेजारी "सहज" खाली येऊन एकेक भांडं ठेवून गेला होता. लोखंडी तवा. ॲल्युमिनियमची किटली. माशांचा डबा, क्रेनवाल्याने तार बांधून टांगता केलेला. स्लावित्साने स्वतः आणून ठेवलेलं जाड ओतीव भांडं, ज्यात तिची आई कोबी शिजवायची. आणि शेवटी आंतोची पळी.

ही पळी आम्ही सगळ्यांनी पाहिलेली होती, पण फक्त भिंतीवर. ओतशाळेत उस्तादाने भट्टीतल्या पोलादाचा नमुना काढायचा तो या पळीने. आंतोने ती टीव्हीच्या वर टांगली होती आणि दर रविवारी पुसत असे. तिचा दांडा माणसापेक्षा उंच. आता ती बाकावर आडवी पडली होती आणि आंतो खिशात हात घालून दुसरीकडे, ढगांकडे पाहत होता. मी त्याच्याकडे गेलो. "आंतो, हिच्यात शिसं? ही परत टांगता..."

"सूप आहे रे," तो म्हणाला. "तिला कळणारही नाही."

तिजाआजीने रांगेवरून डोळा फिरवला. तवा उचलला: "ओठ नाही." किटली: "विरघळेल मेली." डबा: "हा कोणी टांगला? त्यालाच टांगा." कोबीच्या भांड्यावर तिने टिचकी मारली, कान लावला आणि स्लावित्साकडे आदराने पाहिलं. "भांडं सोन्यासारखं आहे, बाई, पण माझं मनगट म्हातारं आहे. हे उचलायला मला कोबी खावा लागेल." स्लावित्सा चक्क लाजली. मग आजीने आंतोची पळी एका टोकाला धरून उचलायचा प्रयत्न केला. "अगं बाई! याने काय आगगाडी थांबवायची?"

"आजी, हिने पोलाद काढलंय," आंतो म्हणाला.

"काढलं असेल. मला भीती काढायचीय. मी इथे उभी आणि पळीचं तोंड शेजारच्या गॅरेजात!" तिने पळी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "अहो, एवढं पोलादाचं गाव तुमचं. साधं, लहान, जाड पोलादाचं, लांब दांड्याचं, चोचीचं भांडं एकाकडेही नाही?"

"आहे की," इद्रिज म्हणाला.

स्टुलावर चादरीची घडी मांडीवर घेऊन तो बसला होता. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच दचकायला झालं.

"माझा जेझवा," तो हळू म्हणाला. "पोलादी. वाटेत कॉफी करायला. ट्रकमध्ये आहे. सीटखाली."

सगळे ट्रककडे वळले. ट्रक गॅरेजेसच्या टोकाला उभा होता, धुळीने भरलेला, केबिन पहिल्या मजल्याइतकी उंच. मी झुमराकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला ते काहीच चांगलं वाचता येतं.

"दाजी," इद्रिज किल्ली पुढे करत म्हणाला, "तुम्ही आणता? माझा गुडघा..."

"का नाही?" मी म्हणालो. सगळी इमारत पाहत होती.

ट्रकवर चढायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर माहीत करून घेऊ नका. पहिली पायरी माझ्या कमरेशी होती. दुसरी कुठे होती ते मला अजून सापडलेलं नाही. एक पाय आत, एक पाय हवेत, पोट सीटच्या कडेवर, अशा अवस्थेत मी दारातून आत लोंबकळलो आणि सीटखाली हात घातला. आत अंधार होता. सीटला नखांचे ओरखडे होते, लांबलचक, आतला स्पंज बाहेर आलेला. जुन्या बुरेकचा वास येत होता. मी हात आणखी आत सरकवला आणि बोटांना केस लागले. दाट, राठ, लांब केस. आणि ते हलले.

"अस्वल!" मी ओरडलो.

मी ओरडलो असं लोक म्हणतात. मला आठवतो तो फक्त हॉर्न. आधारासाठी हाताला जे सापडलं ते मी धरलं, आणि ते स्टिअरिंग होतं, आणि त्याच्या मधोमध माझं कोपर होतं. ओंडके वाहणाऱ्या ट्रकचा हॉर्न डोंगरापलीकडच्या गाडीला ऐकू जावा म्हणून बनवलेला असतो. झेनित्साला तो व्यवस्थित ऐकू गेला. आणि तो थांबेना, कारण कोपर काढलं तरी हॉर्न अडकलेलाच राहिला. मी ओरडतोय, हॉर्न ओरडतोय, माझे पाय बाहेर हवेत पोहताहेत.

पुढचं मी आतून पाहिलं, त्यामुळे सगळ्यांपेक्षा कमी पाहिलं. समोरचं दुसरं दार उपटल्यासारखं उघडलं. त्यात इद्रिज होता. हातात आंतोची पळी, भाल्यासारखी. चेहरा पांढराफटक. अस्वल आहे असं ऐकून तो माणूस अस्वलाकडे धावत आला होता, आणि तेही माझ्यासारख्यासाठी. या वाक्याला मी अजूनही काही जोडू शकत नाही.

"कुठाय?" तो ओरडला. "दाजी, कुठाय ते?"

"खाली!"

त्याने पळी आत खुपसली, पळीने ते बाहेर ओढलं, आणि आम्ही दोघांनी पाहिलं. त्याच्या सीटवरचं मेंढीचं कातडं. अस्वलाने ओरबाडून खाली पाडलेलं. माझ्याच हाताने हललेलं.

इद्रिज क्षणभर त्या कातड्याकडे पाहत राहिला. मग त्याने डॅशबोर्डच्या खाली एका ठरावीक जागी मूठ मारली आणि हॉर्न थांबला. इतकी शांतता झाली की स्लावित्साचा श्वास ऐकू आला.

"दाजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता जसा मी मार्चपासून ऐकला नव्हता, "तो हॉर्न आहे, कठडा नाही. आणि गिअरवरून पाय काढा. आणि हे बूट? माझ्या केबिनमध्ये चिखलाचे बूट? काय अवस्था केलीय हिची..." तो बडबडत कातडं झटकू लागला. सीट पुसली. आरसा सरळ केला. स्पंज आत कोंबला. बसला. ड्रायव्हरच्या जागेवर, नीट, बुडाखाली कातडं घेऊन. खाली सगळी इमारत श्वास रोखून ढगांकडे पाहत होती.

मग त्याने सीटखालून जेझवा काढला. जाड पोलादी, काळवंडलेला, चोच असलेला, दांडा लांब. खाली उतरून त्याने तो तिजाआजीच्या हातात दिला. तिने वजन पाहिलं, मनगट फिरवलं, चोचीवरून अंगठा फिरवला.

"हेच," ती म्हणाली. "शिशाजोगं भांडं."

शेगडी पेटली. आजीने पिशवीतून शिशाचा गोळा काढला आणि जेझव्यावर धरला.

"थांबा," इद्रिज म्हणाला. "एकदा यात शिसं घातलं की मग..."

"मग कॉफी नाही. जन्मात नाही. सांगितलं होतं मी."

इद्रिजच्या कपाळावर आठी पडली. "असं कसं, आजी? मग सोमवारी वाटेत मी कॉफी कशात करू?"

आपण काय बोललो ते त्याला जरा उशिरा ऐकू आलं. मग त्याने पुढे होऊन जेझवा आजीच्या हातातून हलकेच काढून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि खिशात घातला. दांडा बाहेर राहिला.

"गुडघा बरा वाटतोय," तो म्हणाला.

"वाटणारच," आंतो म्हणाला. "हवाही बरी झालीय."

तिजाआजी गोळा हातात धरून उभी होती. ती बसने खाली आली होती ती काही रिकाम्या हाताने वर जायला नाही. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी वाळूच्या बादलीवर बसलो होतो आणि ट्रकवरून नजर काढत नव्हतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच निकाल दिला.

"चादर जावईबापूंवर टाका," ती म्हणाली.

"पण भांडं?" मी चादरीखालून विचारलं.

गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग करवतीचा. लोखंडावर करवत चालते तो आवाज मला कँटीनमध्ये रोज लांबून येत असे. मी चादर उचलून पाहिलं. आंतोने पळी शिकंज्यात धरली होती आणि तिचा दांडा कापत होता, आजीच्या हाताला बेताचा होईल एवढा ठेवून. टीव्हीच्या वरची ती पळी. मी उठायला गेलो तर तो मान वर न करता म्हणाला, "बस खाली, लोणी. भट्टीचं काम आहे."

त्या पळीत शिसं खरोखरच सुपासारखं वितळलं. माझ्या डोक्यावर पाणी चर्रकन बोललं. पहिला तुकडा आला तो साळिंदरासारखा. आजी म्हणाली अस्वल परवडलं. ती ओतत राहिली. शेवटचा गुळगुळीत आला तेव्हा आंतोने तो हातात घेतला, उन्हात धरून फिरवला, आणि ओतशाळेत चाळीस जणांच्या कामावर जसा शेरा मारायचा तसा म्हणाला, "स्वच्छ ओतकाम."

सोमवारी सकाळी आमच्या इमारतीच्या मागच्या सगळ्या बाल्कन्यांत लोक सतरंज्या झटकत होते. इतक्या सतरंज्या आमच्याकडे आहेत हे मला माहीत नव्हतं. ट्रक सुरू झाला, गॅरेजेसपाशी वळला, आणि रस्त्याला लागताना इद्रिजने हॉर्न दिला. इमारतीच्या आवारात हॉर्न वाजवायला सक्त मनाई आहे. स्लावित्सा आपल्या बाल्कनीत उभी राहून तो शेवटपर्यंत ऐकत होती. वरून आंतोने पळीचा उरलेला दांडा उंच करून सलामी दिली.

"मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते," झुमरा माझ्या शेजारी सतरंजी झटकत म्हणाली. "इद्रिजचं ते एक भांडं आहे, ट्रकमध्ये."

"मग आणून का नाही दिलंस?"

"मी का आणू? ट्रकवर चढायला कोणाला हवं होतं?" ती म्हणाली, आणि बुरेकसाठी पीठ मळायला आत गेली.

पळी आता आमच्या गॅरेजमध्ये टांगलेली आहे, अन्नापासून लांब, आणि लागेल तेव्हा तिजाआजीकडे जाते. भट्टीची पळी कँटीनवाल्याकडे कशी, असं कोणी विचारलं की आंतो माझ्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो की ती मी वापरली आहे. कशी वापरली ते तो सांगत नाही.